आर. एस.च्या एकेचाळीस चुका

लेंबांग,
३ जून २०२४

नेंग वेनिंग,

तुझे तीन फोन मी मुद्दाम घेतले नाहीत. मोबाइलवरही काही पाठवू नकोस. जे म्हणायचं असेल ते कागदावर लिही आणि खाली सही कर. तुमच्या त्या वेबसाइटवर सगळे टोपणनावांनी बोलतात. मला नाव असलेल्या माणसाशी बोलायचं आहे.

परवा सकाळी मी ओन्चोमच्या वड्या तळत होते, तेवढ्यात शेजारची कोकोम पेपर नाचवत आली. "इबू रुमसिह, तुमच्या वेधशाळेचं नाव छापून आलंय!" मला आनंद झाला. हात पुसले, चष्मा लावला. मार्चमध्ये धनु राशीत जो नवतारा भडकला, तोच सदतीस वर्षांपूर्वीही एकदा भडकला होता आणि आमच्या पासिर हालांग वेधशाळेच्या, आकाशाचे फोटो घ्यायच्या जुन्या काचेच्या प्लेटवर तो सापडला, अशी बातमी. पुढचं वाक्य मला पाठ झालंय. "तेव्हाच्या एका निष्काळजी कारकुनाने 'काचेतली खोट' म्हणून त्याच्यावर काट मारली नसती, तर हा शोध १९८७ सालीच जगापुढे आला असता."

कोकोम विचारते, "कोण हो हा कारकून?"

मी सांगितलं, "मी."

मग तिच्याकडून ती वेबसाइट उघडून घेतली. माझं अक्षर तिथे हाताएवढं मोठं करून टांगलंय. बाजूला यादी आहे, मथळा 'आर. एस.च्या चुका'. मी मोजल्या, एकेचाळीस. खाली लोकांची मुक्ताफळं. 'बाई झोपेत लिहायची वाटतं.' 'चष्मा घरी विसरली असेल.' हे शेवटचं कुणा 'घुबड' नावाच्या माणसाचं. त्याला तीनशे लोकांनी हसून दाद दिली आहे.

वेनिंग, तू सहा वर्षांची असताना शाळा सुटली की वेधशाळेतल्या माझ्या खोलीत येऊन बसायचीस. काच कडेने धरायची, मध्ये बोट लावायचं नाही, हे तुला मी शिकवलं. आणि आज प्लेटांच्या पाकिटांवरचं माझं अक्षर तू चव्हाट्यावर मांडलंस, एका शब्दाने न विचारता?

म्हणे गोतोंग रोयोंग! सगळ्यांनी मिळून केलेलं काम! आमच्या गावात गोतोंग रोयोंगने घर शाकारतात, तेव्हा कौलं उतरवायच्या आधी घरमालकाला विचारतात.

रुमसिह


जोग्याकार्ता,
१० जून २०२४

प्रिय इबू रुमसिह,

कागदावर लिहिते आहे आणि खाली सहीही करते आहे. आधी माफी मागते. मी विचारायला हवं होतं. सध्याच्या संचालकांची परवानगी घेतली, तुमची घ्यायचं डोक्यातच आलं नाही.

पण हे कसं झालं ते ऐकून घ्या. मे महिन्यात इथे तीन दिवसांचा मेळावा होता. साठ माणसं. कोणी खगोलवाले, कोणी वेबसाइट बनवणारे, काही शाळामास्तर, एक चित्रकार. भाषणं नाहीत, व्यासपीठ नाही, हारतुरे नाहीत. पहिल्या सकाळी ज्याला जे करावंसं वाटतं ते त्याने चिठ्ठीवर लिहून भिंतीला लावायचं. मी लिहिलं, "पासिर हालांगच्या अकरा हजार प्लेटा पेट्यांत पडून आहेत. गेल्या वर्षी स्कॅन झाल्या, पण बघायला माणूस नाही. कोण येतं?" इबू, एकोणीस जण माझ्या टेबलाशी आले. संध्याकाळपर्यंत वेबसाइट उभी राहिली. नऊ दिवसांत चार हजार लोक प्लेटा बघायला लागले. त्यात नर्सा आहेत, फेरीबोटीवरचे खलाशी आहेत, मेदानची एक आजी आहे. आमच्या विभागात आम्ही तिघं. आम्हाला या कामाला चाळीस वर्षं लागली असती.

ती यादी तुमचा अपमान करायला केलेली नाही. कुठली नोंद तपासायची ते एका ठिकाणी असावं म्हणून लोकांनी ती केली. वेडंवाकडं बोलणाऱ्यांचं लिखाण मी काढायला लावलं आहे. पेपरवाल्यांनी काय, नेहमीप्रमाणे मीठमसाला घातला.

एक विचारू? प्लेट ३१०८ च्या पाकिटावर तुम्ही शाईने 'खोट' लिहिलंय. पण स्कॅन उजळून पाहिलं तर त्याखाली पेन्सिलीने लिहून खोडलेलं काहीतरी दिसतं. तुम्ही आधी दुसरं काही लिहिलं होतं का? बापाकना विचारलं, तेव्हाचे संचालक तेच ना. ते म्हणाले, "रुमसिहचं काम नेटकं असायचं. एवढं जुनं मला कुठलं आठवायला!"

तुमची,
वेनिंग


लेंबांग,
१६ जून २०२४

नेंग वेनिंग,

बापाकना आठवत नाही? तुझ्या वडिलांना चौऱ्याऐंशीव्या वर्षी सगळ्या ताऱ्यांचे क्रमांक तोंडपाठ आहेत, आणि हे नेमकं आठवत नाही?

मग मी सांगते. तू खगोलशास्त्रज्ञ आहेस, पुरं ऐक.

१९८६ साली तुझ्या वडिलांनी, आमच्या पाक हेंदार्मिननी, एका प्लेटवर नवा तारा पाहिला आणि साऱ्या जगाला तार ठोकली. तो तारा नव्हता, काचेवरच्या लेपातला बुडबुडा होता. परदेशातून हसण्याची पत्रं आली. एकाने तर बुडबुड्याचं चित्र काढून पोस्टकार्ड पाठवलं. तुझे वडील महिनाभर कोणाशी धड बोलले नाहीत.

त्यानंतरच्या वर्षी, १४ जुलैची प्लेट. तेव्हा मी प्लेटांच्या खोलीत नव्हते, हे तुला ठाऊकच नसेल. मी दुर्बिणीवर होते. प्लेटा मीच घ्यायची, मीच धुवायची. सकाळी काच वाळल्यावर जुन्या प्लेटेशेजारी ठेवून भिंग लावलं, आणि धनु राशीत एक ठिपका जास्तीचा दिसला. पाकिटावर पेन्सिलीने लिहिलं, 'नवा तारा?' आणि पळत त्यांच्याकडे गेले.

त्यांनी दोन मिनिटंही पाहिलं नाही. "खोट आहे."

"पाक, बाजूच्या ताऱ्यांइतकाच गोल आहे. बुडबुड्याची कड अशी नसते."

"खोट आहे म्हटलं ना."

"मग आज त्याच जागेची आणखी एक प्लेट घेऊ द्या. खोट असेल तर दुसऱ्या काचेवर येणार नाही."

ते उठून उभे राहिले. "मला परत सगळ्या जगात हसं करून घ्यायचं नाही. रुमसिह, लिही. खोट."

खोडरबर त्यांनी स्वतः हातात दिला. शाईचं पेनही त्यांचंच. मी लिहिलं. तेच अक्षर आज तू टांगलं आहेस, आणि चार हजार माणसं त्याला हसतात.

पुढच्या महिन्यात मला दुर्बिणीवरून काढून प्लेटांच्या खोलीत टाकलं. सव्वीस वर्षं मी तिथे होते, निवृत्त होईपर्यंत. त्या एकेचाळिसांतल्या कित्येक चुका माझ्याच असतील, नाही म्हणत नाही. खिडकी नसलेल्या खोलीत अकरा हजार पाकिटं एकटीने लिहून बघ. पण एकतिसशे आठची चूक माझी नाही. ती ज्याची आहे त्याच्या नावावर टाक.

रुमसिह


जोग्याकार्ता,
२२ जून २०२४

इबू,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. 

तुम्ही म्हणता ते खरं असेल, तर माझ्या वडिलांनी एका नवताऱ्याचा गळा घोटला. मग सदतीस वर्षं गप्प का बसलात? ते २००२ साली निवृत्त झाले, तेव्हा का बोलला नाहीत? माझ्या लग्नात तुम्ही त्यांच्या शेजारी बसून जेवलात. मी पीएच.डी. झाले तेव्हा "अगदी बापावर गेलीस" असं कोण म्हणालं? आता ते काठी घेऊन चालतात, त्यांना दोन्ही कानांनी नीट ऐकू येत नाही, आणि पेपरात तुमचं नाव खराब झाल्यावर तुम्हाला हे आठवलं?

पेन्सिलीचं खोडलेलं कोणीही लिहू शकतं. त्याने तुम्ही तारा पाहिला एवढं सिद्ध होईल, त्यांनी खोडायला लावलं हे नाही. आम्ही पुराव्यावर चालतो, हेही तुम्हीच मला शिकवलंत.

आणि तुमच्या माहितीसाठी, यादी आता बेचाळीसवर गेली. यंत्र ताऱ्यांची नक्षी जुळवून प्लेट आकाशाच्या कुठल्या तुकड्याची आहे ते सांगतं. २७४६ च्या पाकिटावर तुम्ही 'वृश्चिक' लिहिलंय. आतली प्लेट धनु राशीची निघाली. भलतीच काच भलत्या पाकिटात. हेही बापाकनीच करायला लावलं का?

वेनिंग


लेंबांग,
२७ जून २०२४

वेनिंग,

नाही. सत्तावीसशे सेहेचाळीसचं पाकीट मी माझ्या मनाने चुकवलं.

पासिर हालांगला जा. तुझं ते स्कॅन बघू नकोस, त्यात कड कापलेली असणार. काच हातात घे, कडेने धर, आणि डाव्या कोपऱ्यात सुईने कोरलेलं वाच. '१५ जुलै ८७, रु.' असं असेल. मग भिंग घेऊन तो ठिपका शोध.

त्या दिवशी तुझे वडील बांडुंगला लग्नाला गेले होते. मी संध्याकाळी घुमट उघडला आणि चाळीस मिनिटांची प्लेट घेतली. तारा होता, आदल्या दिवसापेक्षा थोडा मंद. खोट एका काचेवरून दुसऱ्या काचेवर चालत जात नाही, पोरी.

ती काच मी वृश्चिकाच्या जुन्या पाकिटात लपवली. पण कोऱ्या प्लेटा परदेशातून यायच्या, मोजून ठेवलेल्या. एक कमी भरली. त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हातातून पडून फुटली. ते म्हणाले, "जिच्या हातून काच फुटते, तिचं दुर्बिणीपाशी काम नाही." संपलं. खरं सांगितलं असतं तर नोकरीच गेली असती, आणि घरात दोन भाऊ शाळेत होते, आई आजारी. दुर्बीण गेली, पण पगार राहिला.

गप्प का बसले म्हणतेस. आधी भीतीने बसले. नंतर सवय लागली. तुझ्या लग्नात तुझ्या तोंडाकडे बघून गप्प बसले. पुढे नवे संचालक आले, त्यांतल्या कोणी मला कधी काही विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही. ही मात्र चूक माझी. यादीत घाल.

रुमसिह


जोग्याकार्ता,
१५ जुलै २०२४

प्रिय इबू रुमसिह,

तेवीस दिवस लिहिलं नाही. 

पत्र मिळालं त्याच दिवशी गाडी पकडली. काच हातात घेतली. कोपऱ्यातलं वाचलं. ठिपका आहे. तो यंत्राने मोजला, मी मोजला, आणि खात्री म्हणून मेळाव्यातल्या पाच जणांना नाव न सांगता मोजायला दिला. त्यांनीही तीच जागा सांगितली. पहिल्या दिवसाची चमक आणि दुसऱ्या दिवसाची चमक, दोन्ही हातात आल्या. असे पुन्हा पुन्हा भडकणारे तारे सगळ्या आकाशात दहाबाराच माहीत आहेत. त्यांतल्या एकाचं १९८७ चं भडकणं आणि उतरणं जगात फक्त तुमच्याकडे आहे. मी २७४६ चा टोमणा मारला, आणि त्या टोमण्यातच पुरावा होता.

मग बापाककडे गेले. दोन्ही प्लेटांची चित्रं समोर ठेवली. त्यांनी पहिली पाहून बाजूला ठेवली. दुसरी पाहिली आणि विचारलं, "ही कधीची?"

"१५ जुलै ८७."

"त्या दिवशी मी नव्हतो."

"हो. इबू रुमसिह होत्या."

इबू, मला वाटलं ते रडतील. ते भडकले! "परवानगीवाचून? म्हणजे ती प्लेट फुटली नव्हती? सदतीस वर्षं खोटं बोलली माझ्याशी?" इतक्या मोठ्याने, की आई न्हाणीघरातून धावत आली. मीही ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा वडिलांवर ओरडले. म्हटलं, "तुम्हाला काच चोरल्याचा राग येतो, तारा चोरल्याचा नाही येत?" त्यांनी चित्रं माझ्याकडे ढकलली आणि कानातलं यंत्र काढून ठेवलं. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

वेबसाइटवर कोणी काय बदललं ते नावासकट कायम राहतं, पुसता येत नाही. मी ३१०८ चं पान उघडलं. लिहिलं, "निरीक्षक रुमसिह सुमिनार यांनी हा तारा १४ जुलै १९८७ रोजी ओळखला. संचालक हेंदार्मिन यांनी त्यांना 'खोट' असं लिहायला लावलं. १५ जुलैची प्लेट रुमसिह यांनी स्वतःच्या जबाबदारीवर घेतली." खाली माझं पूर्ण नाव आलं, वडिलांच्या नावासकट. बटण दाबायला मला एक तास लागला.

आता एक गोष्ट, जी तुम्हाला कोणी सांगितली नसती. पेपरवाल्यांनी मीठमसाला घातला, हे मी खोटं लिहिलं. पेपरांना पाठवलेलं पत्रक माझं होतं. 'निष्काळजी' हा शब्द मीच लिहिला. वाक्य चटकदार व्हावं म्हणून. तो कारकून म्हणजे तुम्ही, हे माहीत असून.

तुम्ही मला काय वाटेल ते म्हणा.

वेनिंग


लेंबांग,
१२ ऑगस्ट २०२४

नेंग वेनिंग,

'निष्काळजी' तुझा होता, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पेपरवाल्यांना 'कारकून' सुचेल. 'निष्काळजी' तोच म्हणेल ज्याला काळजी कशी घ्यायची ते शिकवलेलं असतं. वाचून तुझ्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. अजून वाटतो. समोर आलीस की बघू.

जकार्ताच्या खगोलवाल्यांचं पत्र आलं. समारंभ करणार, बाटिकचं कापड देणार, मानपत्र देणार. मी नाही म्हणून कळवलं. मानपत्रात ते माझ्या चिकाटीबद्दल लिहितील. सव्वीस वर्षं बंद खोलीत बसवलेल्या माणसाला चिकाटी नसते, त्याला दुसरा इलाज नसतो.

तुझे वडील येऊन गेले.

गेल्या मंगळवारी सकाळी दारात गाडी थांबली. ड्रायव्हरने धरून उतरवलं. मी ओसरीवर बसवलं, आल्याचं गरम बंद्रेक दिलं. त्यांनी पेल्याला हात लावला नाही. नजर माझ्या मिरचीच्या रोपांवर होती. मग म्हणाले, "तू परवानगी घ्यायला हवी होतीस."

मी म्हटलं, "मागितली होती. तुम्ही नाही म्हणालात."

त्यांना ऐकू आलं नाही. मी कानाजवळ जाऊन पुन्हा सांगितलं, ओरडून. कोकोम कुंपणाशी येऊन उभी राहिली.

ते म्हणाले, "एकदा तोंडावर आपटलो होतो, रुमसिह. परत आपटायची हिंमत नव्हती."

"हिंमत तुमची नव्हती, पाक. दुर्बीण माझी गेली."

त्यांनी मान हलवली. "तो तारा होता," म्हणाले. "मला तेव्हाही वाटलं होतं."

वेनिंग, ऐकतेस ना? तेव्हाही वाटलं होतं. मला इतकी वर्षं वाटायचं की त्यांना दिसला नसेल, घाईत असतील, चष्म्याचा नंबर वाढला असेल. त्यांना दिसला होता! माझ्या हातातला पेला मी भिंतीवर फेकला. बंद्रेकचा डाग तिथे आहे, पुसणार नाही. तुझे वडील दचकले नाहीत. "मला माफ कर," म्हणाले. मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "बरं." मग मी ड्रायव्हरला हाक मारली आणि त्यांना गाडीपर्यंत मीच धरून नेलं, कारण पायऱ्या ओल्या होत्या.

त्यांनी घरी गेल्यावर तुझ्या लिखाणाखाली स्वतः नोंद केली, असं कोकोमने दाखवलं. 'वरील मजकूर खरा आहे. हेंदार्मिन.' एवढंच. तुझ्या आईला टाइप करायला लावलं असणार. तू त्यांच्याशी बोल. तुझं भांडण संपव. माझं मी बघेन.

आता दुसरं. ते 'घुबड' मकास्सरमधले दातांचे डॉक्टर निघाले. त्यांनी स्वतःच्या नावाने माफीचं पत्र पाठवलं, कागदावर, सहीसकट. मी उत्तरात त्यांना झापलं. त्यांनी पुन्हा लिहिलं, त्यात त्यांनी तपासलेल्या प्लेटांबद्दल सात प्रश्न होते. त्यांतले पाच चांगले होते. आता कोकोमच्या फोनवरून आमचं रोज चालतं. त्या यादीतल्या सतरा चुका माझ्याच निघाल्या, त्या मी दुरुस्त केल्या. नऊ ठिकाणी मी बरोबर आणि तुमचे चार हजार लोक चूक. तिथे प्रत्येकाला नावानिशी सुनावलं आहे. बाकीच्या तपासतेय.

त्या दातवाल्यानेच सांगितलं की चिली देशात एक दुर्बीण आहे, घरी बसून मागता येते. फॉर्म भरायचा. मी म्हटलं, मला कोण देणार? भरून तर बघा, म्हणाले. कोणता तारा, किती वेळ, कशासाठी. मी आपला तारा लिहिला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, मंजूर. कोणी वय विचारलं नाही, पदवी विचारली नाही, कोणाच्या हाताखाली काम करता ते विचारलं नाही.

काल सकाळी सव्वादहाला, तिकडे अंधार आणि इकडे लख्ख ऊन असताना, कोकोमच्या मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर माझ्या स्वयंपाकघरात आकाश उघडलं. चुलीवर भात होता. चित्र हळूहळू वरून खाली उतरलं. तारा आता खूप मंद झालाय, पण आहे. जिथे मी सोडला होता तिथेच.

मी रडले, असं तुला वाटेल. नाही रडले. मला भयंकर राग आला. एवढंच होतं? एक फॉर्म, आणि तीन दिवस? सव्वीस वर्षं मी शेजारच्या इमारतीतल्या दुर्बिणीला हात लावू शकले नाही, आणि पृथ्वीच्या पलीकडची दुर्बीण कोणीतरी मला न बघता देऊन टाकतं? तुम्ही तरुण मंडळी म्हणता, सगळं बदललं, सगळ्यांना खुलं झालं. चांगलं झालं. पण तुमच्या त्या मेळाव्यात उभं राहून कोणीतरी हेही सांगायला हवं, की जे इतकं सोपं होतं ते इतकी वर्षं कोणी अवघड करून ठेवलं. पुढचा मेळावा बांडुंगला आहे ना? सांगायला मी येते. भिंतीवर चिठ्ठी मीही लावणार आहे.

भात करपला. तसाच खाल्ला.

मला पुढच्या चार सोमवारच्या वेळा मिळाल्या आहेत. सोमवारी सकाळी दहा ते अकरा फोन करू नकोस. मी दुर्बिणीवर असते.

रुमसिह